स्वस्त अल्पोपाहार आणि शासन : आहारविधीच्या दृष्टीने एक विचार

जनतेला स्वस्त व हितकर खाद्य शासनानेच उपलब्ध करून द्यावे, ही कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. १९९५ साली सत्तेवर आलेल्या युती शासनाने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना सुरू केली. गर्दीच्या ठिकाणी सार्वजनिक जागांवर केंद्रे उघडली गेली. २००० साली पुढील शासनाने ती योजना बंद केली. परंतु त्यापूर्वी व त्यानंतरही अनेक केंद्रांवर झुणका-भाकर मागे पडून इतर खाद्यपदार्थच विकले जाऊ लागले होते. पदार्थ उत्तम असूनही असे का घडले, याचा विचार वैद्याने करणे अगत्याचे आहे.

चरकाचार्यांनी विमानस्थानात प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता अशी आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत. रुग्णाच्या पथ्याला लावतो तीच कसोटी आपण शासकीय योजनेलाही लावून पाहू.

प्रकृती, करण व संयोग : चणक हा लघु, रूक्ष, कषाय व वातकर आहे. ज्वारीही रूक्षच. तथापि झुणक्यात तेल, लसूण, जिरे, हिंग व कांदा यांचा संयोग होतो, भाकरी गरम असते, आणि त्यामुळे रूक्षतेचे बऱ्याच अंशी निवारण होते. हेच बेसन बटाट्यावर चढवून, पुनःपुन्हा तापवलेल्या तेलात तळून मैद्याच्या पावात घातले, की तो पदार्थ गुरू व विदाही होतो. द्रव्य एकच, भेद करणाचा व संयोगाचा आहे.

देश : शिरूर तालुक्याच्या पूर्व भागातील निमोणे व आसपासची गावे ही मूळची अवर्षणप्रवण, रब्बी ज्वारीची. येथील जनांना भाकरी ही ओकसात्म्य आहे. घोड धरणाच्या पाण्यावर ऊस वाढला, रांजणगावला औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि श्रमाची रीत पालटली. पाळीवर जाणारा तरुण न्याहारी घरी न करता रस्त्यावर करू लागला. अव्यायाम, दिवास्वाप व गुरू-स्निग्ध अन्न हा प्रमेहाचा हेतुसमुदाय आता ग्रामीण भागातही जुळून येतो, हे आपण प्रत्यही पाहतो.

राशी व काल : २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन योजनेत दोन चपात्या, एक भाजी, वरण व भात असे प्रमाण ठरवून दहा रुपयांत थाळी दिली गेली. ग्रामीण भागात थाळीमागे पंचवीस रुपये व शहरी भागात चाळीस रुपये शासनाने देण्याचे ठरले होते. प्रमाण निश्चित असणे हा तिचा गुण. परंतु ती मध्याह्नीच्या भोजनाची सोय होती. सकाळ-संध्याकाळच्या मधल्या भुकेचा प्रश्न तसाच राहिला. अपथ्य शिरते ते प्रायः याच वेळी. तमिळनाडूत २०१३ साली चेन्नईत सुरू झालेल्या अम्मा उणवगममध्ये सकाळी एक रुपयाला इडली मिळू लागली. तेथे न्याहारीचा काल साधला गेला.

उपयोगसंस्था व उपयोक्ता : मे २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय उपाहारगृहांतून बटाट्याचे वेफर्स, नूडल्स, शीतपेये, पिझ्झा, बर्गर इत्यादींच्या विक्रीस मनाई केली. पुढे २०२० च्या केंद्रीय विनियमांनी शाळेच्या आवारापासून पन्नास मीटरपर्यंत अशा पदार्थांच्या विक्रीस प्रतिबंध केला. हे योग्यच आहे. मात्र निषेधाबरोबर पर्याय हवा. भुकेल्या बालकाला केवळ ‘हे खाऊ नको’ असे सांगणे ही चिकित्सा नव्हे.

यातून आम्हांस तीन गोष्टी सुचतात. पहिली, केवळ किंमत उतरवून भागत नाही. एक रुपया ही किंमत शासनाच्या आधारावरच टिकणारी होती. विक्रेत्याला ज्यात चार पैसे सुटतील तोच पदार्थ तो मनापासून विकणार. दुसरी, पदार्थ स्थानिक व सात्म्य असावा : ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, उकडलेली कडधान्ये, ताजे ताक, पिठले-भाकरी. ग्रामपंचायतीने जागा द्यावी, महिला बचत गटाने रास्त दराने विक्री करावी, आणि शाळा व एस.टी. थांबा ही ठिकाणे प्रथम निवडावीत. तिसरी, हितकर म्हणून विकलेला पदार्थ सर्वांस सारखाच हितकर नसतो. गुळाचा राजगिरा लाडू कृश बालकास उपयुक्त, प्रमेहीस नव्हे. फुटाणे वातप्रकृतीच्या, मलबद्धतेच्या वा अर्शाच्या रुग्णास जपूनच द्यावेत.

हा विवेक शासन करू शकत नाही. तो गावातील वैद्यानेच करावयाचा आहे. शासनाने अन्न सुलभ करावे आणि ते कोणी, केव्हा, किती खावे हे आपण सांगावे. आपापल्या गावच्या ग्रामसभेत व शाळेत हा विषय सभासदांनी आवर्जून मांडावा, अशी विनंती आहे. अस्तु.