नाचणीचे मोड

नाचणीचा दाणा मोहरीएवढा, तांबूस व टणक. कोकणात व सह्याद्रीच्या उतारांवर, जेथे भाताला पुरेशी माती मिळत नाही, तेथेही ती तग धरते. तिच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच गव्हात ते अवघे ४० च्या आसपास असते.

परंतु धान्यात असणे निराळे आणि अंगी लागणे निराळे. दाण्यातील फायटिक आम्ल कॅल्शियम व लोह यांना धरून ठेवते, त्यामुळे त्यांचा बराचसा भाग शरीरास मिळत नाही. यावर आपल्या घरांतील स्त्रियांनी फार पूर्वीच उपाय योजला. नाचणी धुऊन रात्रभर भिजत घालावी, ओल्या फडक्यात बांधून ठेवावी, पांढरे मोड दिसू लागले की सावलीत वाळवून, मंद भाजून दळावी. झाली कृती!

पाणी मिळताच निजलेले बी जागे होते. फायटिक आम्ल कमी होऊ लागते आणि पिष्टाचे विघटन करणारे विकर तयार होते. मोड आलेल्या जवापासून असे विकर पायेन व पर्सो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८३३ साली वेगळे काढले. मराठीत ‘मोड’ म्हणजे अंकुर, तसेच सुटे पैसेही. मोठी नोट मोडावी, तसे पिष्ट मोडून साखर होते! म्हणून या पिठाच्या भाकरीस सौम्य गोडी व खमंग वास येतो. मात्र ती थापताना कडा फाटतात. निम्मे साधे पीठ मिसळणे बरे.

या पिठाचा खरा उपयोग पाहावा तो तान्ह्या मुलांच्या आहारात. सहा महिन्यांच्या बाळाचे पोट ते केवढे! साध्या पिठाची पेज शिजताना घट्ट होते. ती पातळ करण्यासाठी पाणी वाढवावे, तर वाटीत अन्न थोडे आणि पाणीच फार. बाळाचे पोट भरते, पण पोषण होत नाही. मोडाच्या पिठाची पेज अधिक पीठ घालूनही पातळ राहते. त्याच वाटीतून बाळाला अधिक अन्न मिळते, आणि त्यासाठी बाजारातला महाग डबा आणावा लागत नाही.

फडके मात्र स्वच्छ हवे. पावसाळी दमट हवेत मोडांवर बुरशी धरते. तशी धरलेली वा आंबूस वासाची नाचणी बाळासाठी कदापि दळू नये.