केसबुकातली चार बाळंतपणं

सातारा

चि. सायली,

तुझा मेसेज मिळाला. फोन करून उत्तर द्यायचं मुद्दाम टाळलं, कारण फोनवर तू "हो आत्या" म्हणतेस आणि विषय तिथेच राहतो. हे शांतपणे वाचावंस आणि पुढेही जवळ ठेवावंस, म्हणून लिहिते आहे.

तुझी अडचण मला पूर्ण कळते. नर्सिंगचं केसबुक जमा करायची तारीख आली, स्वतः केलेली बाळंतपणं चार कमी पडताहेत. एका बाईच्या टेबलाशी तुम्ही सात-आठ मुली उभ्या, त्यात निम्म्या बायका सिझरला जातात. सीनियर मुलींनी सांगितलं, लेबर रूमच्या रजिस्टरमधून नावं आणि नंबर उतरवून घे. मॅडमही म्हणाल्या, "भरून टाका आणि सह्या घ्या." बाकीच्यांनी भरलं. तू थांबलीस आणि मला विचारलंस, याचा मला फार आनंद झाला. माझं उत्तर एवढंच आहे की भरू नकोस.

आता का, ते सांगते.

आमच्या जीएनएमला वीस बाळंतपणं स्वतः करून केसबुकात लिहायची अट होती. तेव्हा आम्हालाही तो आकडा जाच वाटायचा. पुढे लेबर रूमची इन्चार्ज झाले आणि नव्या मुलींचे हात रोज बघायला लागले, तेव्हा त्याचा अर्थ कळला. पहिल्या काही बाळंतपणांत मुलीचं सगळं लक्ष स्वतःच्या हातांकडे असतं. ग्लोव्ह्ज नीट आहेत ना, पेरिनियमला आधार कुठे द्यायचा, क्लॅम्प कुठे ठेवला. समोरच्या बाईचा चेहरा तिला दिसतच नाही. तो दिसायला लागतो बऱ्याच उशिरा, आणि खरी नर्स तिथून सुरू होते. डोकं किती सावकाश येऊ द्यायचं, बाईला कधी कळ द्यायला सांगायचं आणि कधी नुसतं तोंडानं श्वास सोडायला सांगायचं, हे हाताला कळतं. बाळ झाल्यावर एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनची १० युनिट मांडीत द्यायची हे पुस्तकात आहे. पण नाळ लांबली, थोडं रक्त आलं, गर्भाशय घट्ट गोल होऊन वर सरकलं, म्हणजे वार सुटली, हे पोटावर हात ठेवूनच शिकावं लागतं. वार सुटण्याआधी घाईनं नाळ ओढली तर काय होतं ते तू शिकली आहेस. उद्या एखाद्या उपकेंद्रात रात्री दोन वाजता तू एकटी असशील, तेव्हा तुझ्या केसबुकात किती आकडा होता हे कोणी विचारणार नाही. हात विचारेल.

आणि त्या चार बायका कोण? त्यांची नावं, त्यांचा बीपी, त्यांच्या बाळांचं वजन, यातलं काहीही न बघता तू "मी केलं" म्हणून लिहिणार. रजिस्टरमधल्या त्या बाईला याचा पत्ताही नसेल. माझ्या दृष्टीनं हा तिचाही अपमान आहे.

पण मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती सवयीची. केसबुकात न पाहिलेलं लिहिणारा हात वॉर्डात गेल्यावर आपोआप शुद्ध होत नाही. अमेरिकेत गेल हिल्बर्ट या संशोधिकेनं १९८५ साली नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता, त्यात वर्गातले गैरप्रकार आणि वॉर्डातले गैरप्रकार यांचा एकमेकांशी संबंध दिसला. मला त्याचं नवल वाटलं नाही. कुठल्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट उघडून बघ. टेंपरेचर वेगवेगळं, पल्स वेगवेगळी, आणि रेस्पिरेशन मात्र ओळीनं सगळ्यांचं वीस. न्यूमोनियाच्या आजोबांचंही वीस आणि हर्नियाच्या तरुण मुलाचंही वीस. श्वास मोजायला मशिन नसतं, पूर्ण एक मिनिट घड्याळाकडे आणि छातीकडे बघत उभं राहावं लागतं, म्हणून तो मोजला जात नाही. पेशंट बिघडायला लागतो तेव्हा पुष्कळदा सगळ्यात आधी श्वासच बदलतो. म्हणजे जे सगळ्यात आधी कळायला हवं, तेच आपण सवयीनं खोटं लिहितो.

पार्टोग्राफचंही तेच. दर अर्ध्या तासानं बाळाचे ठोके, आणि ठरलेल्या वेळी पिशवीचं तोंड किती उघडलं ते मांडत जायचं. रेघ अलर्ट लाइनच्या उजवीकडे सरकली की सावध व्हायचं, अॅक्शन लाइन गाठायच्या आत निर्णय घ्यायचा. त्या कागदाचा सगळा उपयोग बाळ व्हायच्या आधी आहे. बाळ झाल्यावर निवांत बसून मागे मागे भरलेला पार्टोग्राफ मी इतक्या वेळा फाडायला लावला आहे की मुली मला घाबरायच्या. तो नेहमी सुंदर असतो, रेघ सरळ अलर्ट लाइनवरून जाते. खऱ्या बाळंतपणाची रेघ इतकी सरळ क्वचितच असते.

एक रात्र तुला सांगायलाच हवी. मी इन्चार्ज होते. झटके आलेली एक बाळंतीण होती, मॅगसल्फवर, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटवर. पहिला डोस देऊन झाला होता, दर चार तासांनी पुढचा ५ ग्रॅमचा. तू हे आता शिकतेच आहेस: प्रत्येक डोसच्या आधी तीन गोष्टी बघायच्या. नी जर्क आहे का, श्वास पुरेसे आहेत का, आणि लघवी ताशी निदान ३० मिलि होते आहे का. यातलं एक जरी नसेल तर डोस थांबवायचा, कारण मॅग्नेशियम अंगात साठलं की आधी नी जर्क जातो आणि मग श्वास मंदावतो. चार्टवर तिन्ही रकाने भरलेले होते, श्वास वीस. डोस देणाऱ्या सिस्टरनं स्वतः तपासून द्यायचं हा नियम आहेच, पण त्या रात्री शेजारच्या टेबलावर एक बाई अडली होती, आणि सिस्टर घाईघाईनं एकेक करत पाच अँपूल फोडत होती. तेवढ्यात दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी पुढे आली आणि म्हणाली, "सिस्टर, ते वीस मी मोजलेले नाहीत. नुसतं लिहिलंय."

तिचा आवाज थरथरत होता. आम्ही मोजले. अकरा. गुडघ्यावर हातोडी मारली, पाय हलला नाही. डोस बाजूला ठेवला, डॉक्टरांना उठवलं, कॅल्शियम ग्लुकोनेट हळूहळू शिरेतून दिलं, ऑक्सिजन लावला. सकाळपर्यंत बाई बोलायला लागली. मी त्या मुलीला रागावले, तिनं न मोजता लिहिलं होतं आणि ते मी सोडणार नव्हते. पण तिच्या त्या एका वाक्यानं एक आई वाचली होती, हेही मी सकाळच्या ओव्हरला सगळ्यांसमोर सांगितलं. अशा मुलीला मी माझ्या वॉर्डात कधीही घेईन. स्वच्छ अक्षरात वीस लिहून गप्प राहणारीला घेणार नाही.

तू म्हणशील, शेवटी परीक्षा आहेच ना, तिथे कळेलच कोणाला येतं आणि कोणाला नाही. तसं होत नाही, सायली. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेत 'ऑपरेशन नाइटिंगेल' नावाची मोठी कारवाई झाली. फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांनी ७,६०० हून जास्त खोट्या पदविका विकल्याचं उघडकीला आलं. ना वर्ग, ना वॉर्ड, नुसते पैसे घेऊन कागद. त्यांतले जवळजवळ २,४०० जण तिथली परवान्याची परीक्षा पासही झाले आणि नोकरीला लागले. पाठांतरावर पेपर सुटतो. कधीही पेशंटला हात न लावलेला माणूसही सोडवू शकतो. म्हणून वॉर्डातले तास आणि केसबुक हाच खरा पहारा आहे. तो खोटा झाला की मागे दुसरा कोणी उभा नाही.

मॅडम "भरून टाका" म्हणाल्या, त्याबद्दलही लिहिते. यात तुझ्या एकटीचा दोष मी धरत नाही. जिथे पेशंट कमी आणि मुली जास्त, तिथे हा खोटेपणा मुलींच्या आधी संस्थेपासून सुरू होतो. शेजारच्या मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांची चौकशी उच्च न्यायालयानं सीबीआयकडे दिली, आणि २०२४ मध्ये त्या तपासणीतच लाच घेतल्याबद्दल सीबीआयच्याच अधिकाऱ्याला अटक झाली. वरपासून कागद खोटे असले की खाली अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीवर दबाव येतो. तो दबाव अन्यायाचा आहे हे मला मान्य आहे. तरी सही तुझी असते, आणि तुझं नाव पुढे महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीत लागणार आहे, मॅडमचं नाही.

मोबाइलवर एआयकडून केअर प्लॅन लिहून घेण्याबद्दल दादा परवा सांगत होता, तुमच्या बॅचमध्ये सर्रास चालतं म्हणून. शब्द नीट करायला, इंग्रजी सुधारायला मदत घेतलीस तर माझी हरकत नाही. पण पलंगावरचा माणूस त्या यंत्रानं पाहिलेला नाही. 'रिस्क फॉर फॉल' सगळेच लिहितात. आजींच्या चपलेचा पट्टा तुटलेला आहे आणि रात्री बाथरूमला जाताना त्या कोणाला हाक मारत नाहीत, हे तूच लिहू शकतेस. पेशंटचं नाव आणि रिपोर्ट असल्या ठिकाणी टाकायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको. वॉर्डातले फोटो आणि रील्स, यावर तर चर्चाच नको.

एक अवघड गोष्ट राहिली. चूक झाली तर सांगायचं का? सांगायचं, आणि त्याच मिनिटाला. पण सांगणाऱ्याचं नेहमी भलंच होतं, असं खोटं आश्वासन मी तुला देणार नाही. २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेत नॅशव्हिलमधल्या एका मोठ्या रुग्णालयात एका परिचारिकेनं मिडाझोलॅमऐवजी व्हेक्युरोनियम दिलं आणि पेशंट दगावली. तिनं स्वतः चूक कबूल केली. तिचा परवाना गेला, २०२२ साली न्यायालयानं तिला गुन्हेगार ठरवलं, तीन वर्षं प्रोबेशन दिलं. आता यापुढे कोण तोंड उघडेल, असं तिकडच्या नर्सेस विचारत होत्या, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. तरीही मी तुला सांगायलाच सांगेन. चुकीची मात्रा गेली आहे हे कळलं, तर पुष्कळदा उतारा देता येतो. लपवलं तर तो वेळ पेशंटचा जातो. इन्सुलिनचं उदाहरण घे. ४० युनिटची व्हायल आणि १०० युनिटची सिरिंज, किंवा उलट, ही अदलाबदल आपल्याकडे सहज होते. लाल टोपी आणि नारिंगी टोपी रात्रीच्या उजेडात सारखीच वाटते. जास्त गेलं हे दहा मिनिटांत सांगितलंस तर साखर तपासून ग्लुकोज लावता येईल. सकाळी ओव्हरला सांगितलंस तर कदाचित बेशुद्ध पेशंट हाती येईल.

आता तुझ्या चार बाळंतपणांचं. उद्याच मॅडमना भेट, एकटी, आणि सरळ सांग की माझी चार कमी आहेत, मला ती करायची आहेत. नियमही तुझ्या बाजूचा आहे. परीक्षेला बसायला ऐंशी टक्के हजेरी चालते, पण पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी शंभर टक्के पूर्ण करावी लागते. म्हणजे राहिलेलं काम नंतर भरून काढणं नियमातच धरलेलं आहे. रात्रपाळी मागून घे. बाळंतपणं रात्र-दिवस बघत नाहीत आणि रात्री टेबलाशी आठ मुली नसतात. ग्रामीण रुग्णालयाचं पोस्टिंग पुढे आहे म्हणालीस, ते आधी मिळतं का बघ. तिथल्या सिस्टरशी पहिल्याच दिवशी बोल, मावशींशीही. कोणत्या बाईला कळा सुरू झाल्यात हे त्यांना आधी कळतं. जिथे तू नुसती उभी होतीस तिथे 'पाहिलं' लिही, जिथे हात दिलास तिथे 'मदत केली' लिही. बाकीच्या मुलींचं नाव कुठेही घेऊ नकोस, तुझं तू सांग.

वाईट वाटेल, कोणी टोमणेही मारतील, "आली मोठी हरिश्चंद्राची" म्हणून. ते थोडे दिवस टिकतं.

मॅडम काय म्हणाल्या ते मला लगेच कळव. त्यांनी नाही म्हटलं तर प्राचार्यांना अर्ज द्यावा लागेल. तो मी तुला सांगेन, तू तुझ्या अक्षरात लिही, आणि त्याची एक प्रत पोच घेऊन स्वतःजवळ ठेव. वहिनीला सांग, रात्रपाळी लागली तर डबा दोन वेळचा द्यावा लागेल.

तुझी,
आत्या