घरच्या कर्मशाळेतील वेल्डिंग यंत्राची वीजजोडणी

गोव्यातील अनेक खेड्यांत घराच्या पडवीत किंवा गाडी ठेवण्याच्या जागेत लहान कर्मशाळा चालतात. लोखंडी दारे, खिडक्यांच्या जाळ्या, शेतीची अवजारे यांची दुरुस्ती तेथे होते. वेल्डिंगचे यंत्र घेताना किमतीची चौकशी पुष्कळ होते. त्यास लागणाऱ्या वीजजोडणीचा विचार मात्र बहुधा यंत्र दारात आल्यावरच सुरू होतो.

घरगुती पुरवठ्याचा दाब २३० व्होल्ट असतो. तीन फेजच्या पुरवठ्यात कोणत्याही दोन फेजमधील दाब ४०० व्होल्ट असतो. जुन्या पद्धतीच्या ट्रान्सफॉर्मर यंत्रातून ७० व्होल्टच्या मोकळ्या दाबावर १५० अँपिअर घेतले, तर पुरवठ्यावर सुमारे साडेदहा हजार व्होल्ट-अँपिअरचा भार येतो. हाच भार २३० व्होल्टवर सुमारे ४६ अँपिअर होतो, ४०० व्होल्टवर सुमारे २६. म्हणून अशी यंत्रे बहुधा दोन फेजवर चालविण्यासाठी बांधलेली असतात. लहान इन्व्हर्टर यंत्रे २३० व्होल्टवर चालतात; तरी यंत्रावरील पट्टी वाचल्याखेरीज सॉकेट ठरवू नये.

दोन फेजच्या जोडणीत न्यूट्रल नसतो. दोन्ही तारा जिवंत असतात. एकच तार तोडणारे बटण बसविल्यास यंत्र थांबते, पण आतील वेटोळ्यावर जमिनीच्या तुलनेने २३० व्होल्टचा दाब कायम राहतो. यंत्र बंद आहे असे समजून झाकण उघडणाऱ्यास धक्का बसतो तो येथेच. म्हणून दोन्ही तारा एकाच वेळी तोडणारा स्विच आणि तसाच दुहेरी एमसीबी आवश्यक आहे. चालू करताना ट्रान्सफॉर्मर क्षणभर जास्त प्रवाह ओढतो व साधा एमसीबी पडतो. त्यावर जाड तारेचा फ्यूज घालणे हा उपाय नव्हे. असा क्षणिक प्रवाह सोसणाऱ्या प्रकारचा, पण तारेच्या क्षमतेपेक्षा मोठा नसलेला एमसीबी बसवावा.

तारेच्या जाडीबद्दल एक हिशेब पुरेसा आहे. मीटरपासून कर्मशाळा २० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन ४० मीटर तांब्याची तार होते. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध सुमारे अर्धा ओहम. ३० अँपिअर वाहिले की तीत ४५० वॉटच्या आसपास उष्णता निर्माण होते. सहा चौरस मिलिमीटरच्या तारेत ती सुमारे ११० वॉटवर येते. पंख्या-दिव्यांच्या तारेवर वेल्डिंग चालविणे म्हणजे भिंतीच्या आत शेगडी पेटविण्यासारखे आहे.

सर्वांत मोठा घोटाळा एका शब्दाने होतो. कामाच्या लोखंडाला लावावयाच्या चिमट्यास कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. वास्तविक तो अर्थिंग नव्हे. वेल्डिंगचा प्रवाह यंत्राकडे परत नेणारी ती तार होय. खरे अर्थिंग म्हणजे यंत्राच्या लोखंडी अंगास जोडलेली हिरवी तार. आतील तार सुटून अंगाला टेकली, तर गळणारा प्रवाह तीच जमिनीकडे नेते व एमसीबी पाडते. चिमटा असला म्हणजे हिरवी तार नको, या समजुतीने ती कापून टाकलेली अनेक ठिकाणी आढळते. उलट चूकही तितकीच घातक आहे. चिमटा कामाऐवजी यंत्राच्या अंगाला लावला आणि काम अर्थिंग असलेल्या लोखंडी मेजावर असले, तर शंभराहून अधिक अँपिअर त्या बारीक हिरव्या तारेतून धावतात. ती नळीच्या आत जळते व बाहेरून काहीच दिसत नाही. पुढे खरोखर दोष उद्भवेल त्या दिवशी रक्षणास तार नसते. म्हणून चिमटा जोडाच्या जवळ, गंज घासलेल्या लोखंडावरच पकडावा.

जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते व अर्थिंगचा रोध वाढतो. खड्ड्यात पाणी घालण्याची सोय ठेवावी आणि रोध मापून घ्यावा. पावसाळ्यात ओल्या हातांना वेल्डिंगच्या बाजूचा ७० व्होल्टचा दाबही धोक्याचा ठरतो. कोरडे हातमोजे व पायाखाली कोरडी फळी हवी.

ही जोडणी घरमालकाने स्वतः करावयाची नाही. २००३ च्या वीज कायद्याखालील २०२३ च्या सुरक्षा विनियमांनुसार असे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे लागते. मंजूर भार अपुरा असल्यास वाढीव भारासाठी प्रथम वीज खात्याकडे अर्ज करावा, आणि ठेकेदाराकडून चाचणीचा अहवाल लेखी घ्यावा.