टेबलावरची फाइल

कुंभकोणम् हे एकेकाळी तंजावरच्या मराठी राज्यातील गाव. तेथे १९०४ साली निघालेली कुंभकोणम् बँक आज सिटी युनियन बँक म्हणून ओळखली जाते. मुख्यालय अजून तेथेच आहे. पूर्वी बँकांच्या खातेवह्या ज्या त्या शाखेत असत. खाते जेथे, पैसेही तेथेच. आता कारकुनाने केलेली नोंद थेट मध्यवर्ती सर्व्हरवर, म्हणजे सर्वांची माहिती साठवणाऱ्या मुख्य संगणकावर जाते. ती स्वतःपाशी ठेवण्याची सोयच त्याला नसते. म्हणून खातेदाराला परगावीही पैसे मिळतात.

कार्यालयातील पत्रे, तक्ते, अहवाल यांचे मात्र तसे नाही. ते कोठे जतन करायचे, हे पुष्कळदा कर्मचाऱ्याच्याच हाती असते. आपला अर्धवट मसुदा इतरांनी पाहू नये, असे त्याला वाटते (आणि ही भीती अगदीच खोटी नाही!). मग तो रजेवर गेला, की निवृत्तिवेतनाच्या कागदासाठी आलेल्या वृद्धाला ‘साहेब आल्यावर या’ असे उत्तर मिळते. डिस्क बिघडली, तर कागद कायमचाच जातो. नुसत्या परिपत्रकाने ही सवय मोडत नाही. कोणती फाइल कोणी पाहावी हे ठरवून, जतन करताच ती आपोआप सर्व्हरवर जाईल अशी व्यवस्था करावी लागते. सर्व्हरही बिघडतो, म्हणून त्याची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवतात.