व्यसनी खेळाडू आणि दीर्घ मुदतीचा करार
(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

माझे वडील सालगडी आहेत. त्यामुळे करार म्हटला की मला पाडव्याला ठरणारे साल आठवते. इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलचे करार मात्र अनेक वर्षांचे असतात. खेळाडू उत्तम आहे, पण दारूच्या आहारी गेला आहे; त्याच्याशी क्लबने असा करार करावा काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१९९५ च्या बोसमन निकालानंतर युरोपात कराराची मुदत संपलेला खेळाडू दुसऱ्या क्लबकडे विनामोबदला जाऊ शकतो. म्हणून चांगल्या खेळाडूला क्लब लांब मुदतीने बांधून ठेवतात. मुदतीच्या आत त्याला कोणी मागितले, तर क्लबला पैसे मिळतात. पण त्याचा खेळ ढासळला, तर उरलेल्या वर्षांचा पगार गळ्यात पडतो आणि गिऱ्हाईकही मिळत नाही. व्यसनी खेळाडूच्या बाबतीत ही जोखीम वाढते.

तेव्हा त्याला सोडून द्यावे, हे उत्तर सोपे वाटते. पॉल मॅकग्राचे गुडघे दुखावलेले होते आणि दारूही सुटत नव्हती. १९८९ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याला अ‍ॅस्टन व्हिलाला विकले. व्हिलाने त्याचे गुडघे सांभाळून सराव ठरवला. १९९३ मध्ये इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंनी त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडले. व्हिलाला सौदा लाभला. मॅकग्राचे व्यसन मात्र संपले नाही.

दुसरे उदाहरण आर्सेनलचा कर्णधार टोनी अ‍ॅडम्स याचे. दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल डिसेंबर १९९० मध्ये त्याला चार महिन्यांची शिक्षा झाली. सुमारे दोन महिने तो तुरुंगात होता. क्लबने त्याला काढले नाही. १९९१ मध्ये संघाने लीगही जिंकली. पण त्याचे पिणे थांबले नाही. खेळ चांगला होता, तोवर आजाराकडे बघायचे कोणी? सप्टेंबर १९९६ मध्ये आपण मद्यपाशी आहोत, हे त्याने स्वतःच जाहीर केले. त्यानंतर तो सहा वर्षे खेळला. १९९८ आणि २००२ या दोन्ही वर्षी त्याच्या नेतृत्वाखाली आर्सेनलने लीग व एफ. ए. कप जिंकले. २००० मध्ये त्याने व्यसनी खेळाडूंसाठी ‘स्पोर्टिंग चान्स’ ही संस्था काढली.

या दोन उदाहरणांवरून असे दिसते की, नुसती हकालपट्टी जशी चुकीची, तसे नुसते पाठीशी घालणेही चुकीचेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात मद्यपाशाची नोंद आहे. तेव्हा हा प्रश्न शिस्तीपुरता न ठेवता उपचाराचाही मानला पाहिजे.

माझ्या मते करार करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. खेळाडूने आजार कबूल केला आहे काय? तो उपचार घेत आहे काय? आणि त्याला सांभाळणारी माणसे क्लबजवळ आहेत काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर दीर्घ करार अवश्य करावा. पगाराचा काही भाग प्रत्यक्ष खेळलेल्या सामन्यांवर ठेवावा, म्हणजे क्लबची जोखीम कमी होते. उपचार चालू ठेवण्याची अट लेखी असावी. मात्र एकदा पाय घसरला म्हणून करार मोडू नये, कारण पुन्हा घसरणे हे या आजारात नेहमीचे आहे. खेळाडू आजारच नाकारत असेल, तर एक वर्षाचाच करार करावा आणि त्या वर्षात उपचाराचा दरवाजा उघडा ठेवावा. लांब मुदतीने आजार बरा होत नाही. परंतु बरे होऊ पाहणाऱ्याला त्यासाठी लागणारा वेळ मिळतो.