सायकल ट्रॉलीत ठेवावी कोठे?



कांद्याच्या हंगामात मालेगावला आलात, तर बाजार समितीकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची लांबच लांब रांग तुम्हाला दिसेल. परत जाताना त्या ट्रॉल्या रिकाम्या नसतात. कुणाची खताची पोती, कुणाचा पत्रा, कुणाची शहरातून दुरुस्त करून आणलेली सायकल, असे नाना प्रकारचे सामान त्यांतून गावोगाव पोचते. त्यांतल्या सायकलीविषयी आज आपण बोलू. सायकल ट्रॉलीत कोठे ठेवावी, हा प्रश्न वरवर अगदी क्षुल्लक वाटतो. पण त्याच्या पोटात बरेच पदार्थविज्ञान दडलेले आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष केले तर एखाद्याच्या जिवावरही बेतू शकते.

मी महाविद्यालयात शिकत होतो तेव्हाची गोष्ट. सुट्टीत आम्हा चौघा मित्रांच्या सायकली एका दोन चाकी ट्रॉलीतून सौंदाण्याच्या बाजूला न्यायच्या होत्या. ट्रॉलीत आधीच पोती होती, म्हणून आम्ही चारही सायकली मागच्या फाळक्याला बाहेरून टांगल्या. फाळक्याच्या लोखंडी आकड्यांत दोर अडकवला, पक्की गाठ मारली आणि मित्राच्या मोटारसायकलवर बसून ट्रॉलीच्या मागे निघालो. वाटेत एका गतिरोधकावरून ट्रॉली धाडकन खाली आली. टोकाची सायकल क्षणभर उसळली आणि थेट आमच्या पुढ्यात रस्त्यावर पडली. मित्राने गाडी कशीबशी कडेला घातली. आम्ही दोघेही पडलो, पण कोपर-गुडघे खरचटण्यावर निभावले. मागे ट्रक असता, तर हा लेख लिहायला मी उरलो नसतो.

नवल पुढेच आहे. आम्ही दोर उचलून पाहिला, तर तो तुटलेला नव्हता, आणि गाठही सुटलेली नव्हती! मग सायकल पडली कशी? चला, शोधून काढू.

तरफ आणि ट्रॉली

दोन चाकी ट्रॉली तीन ठिकाणी टेकलेली असते. दोन ठिकाणे म्हणजे तिची चाके, आणि तिसरे ठिकाण म्हणजे ट्रॅक्टरला जोडणारा हुक. बाजूने पाहिल्यास ती एक तरफच आहे. चाकांचा आस हा तिचा टेकू. आसाच्या पुढे ठेवलेले वजन हुकाला खाली दाबते, तर आसाच्या मागे ठेवलेले वजन हुकाला वर उचलते.

आपल्या शेतकऱ्यांना ही गोष्ट बैलगाडीमुळे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मागे जास्त माल भरला की गाडी ‘उलाळ’ होते, म्हणजे जू वर उचलले जाते. पुढे जास्त भरला तर सगळे ओझे बैलांच्या मानेवर येते. म्हणून जाणता गाडीवान माल कण्याच्या आसपास, पण किंचित पुढे भरतो. ग्रीक शास्त्रज्ञ आर्किमिडीज याने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात तरफेचा नियम सिद्ध करून मांडला. आमचे गाडीवान तोच नियम बैलांच्या मानेकडे पाहून शिकले.

करून पाहा : तीस सेंटिमीटरची लाकडी पट्टी घ्या. टेबलावर एक पेन्सिल थोड्या कणकेने घट्ट बसवा आणि पट्टीची २० सेंटिमीटरची खूण पेन्सिलीवर येईल अशी पट्टी ठेवा. पट्टीचे शून्याकडील टोक टेबलावर टेकेल. हे टोक म्हणजे हुक आणि पेन्सिल म्हणजे आस. आता पेन्सिलीच्या बरोबर वर एकावर एक नाणी ठेवा. पट्टी हलणार नाही. तीच नाणी ३० च्या खुणेजवळ ठेवत जा. दोन-तीन नाण्यांतच ‘हुक’ वर उचलला जाईल. नाणी तीच, वजन तेच; बदलली ती फक्त जागा.

आता थोडे गणित करू. समजा, हुकापासून आसापर्यंत अंतर ३ मीटर आहे आणि आसापासून मागच्या फाळक्यापर्यंत १.५ मीटर आहे. एक साधी सायकल २० किलोग्रॅमची धरली, तर चार सायकलींचे वजन ८० किलोग्रॅम झाले. त्या फाळक्याला टांगल्यावर हुकावरील भार किती कमी होईल?

८० × १.५ ÷ ३ = ४० किलोग्रॅम भार.

म्हणजे हुकावरचे ओझे ४० किलोग्रॅमने हलके झाले. हे ओझे नाहीसे होत नाही. ते चाकांवर जाते. म्हणून चाकांवर ८० अधिक ४०, असा १२० किलोग्रॅम जादा भार येतो! हुक हलका झाला की ट्रॅक्टरची मागची चाके जमिनीवर कमी दाबली जातात. ट्रॅक्टरचे ब्रेक बहुधा मागच्याच चाकांना असतात. जमिनीवरील पकड कमी झाली, की ब्रेकचा उपयोगही तेवढा कमी होतो.

शेपटाची उसळी

आता गतिरोधकाकडे वळू. ट्रॅक्टर गतिरोधक ओलांडून सपाट रस्त्यावर आला आहे आणि ट्रॉलीची चाके १० सेंटिमीटर उंचीवर चढली आहेत, असे समजा. हुकाची उंची फारशी बदललेली नाही. म्हणजे ट्रॉली आता हुकाभोवती फिरते आहे. हुकापासून ३ मीटरवरचा आस १० सेंटिमीटर वर जातो, तर ४.५ मीटरवरचा फाळका १५ सेंटिमीटर वर जातो. उलट हुकापासून १.५ मीटरवर असलेली ट्रॉलीची पुढची भिंत फक्त ५ सेंटिमीटर उचलली जाते. एकाच ट्रॉलीत पुढे ५, मध्ये १० आणि मागे १५!

जे अंतराचे, तेच त्वरणाचे. गतिरोधकावरून उतरताना आस दर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद या त्वरणाने खाली आला, तर फाळका १०.५ या त्वरणाने खाली येतो. मोकळी सोडलेली वस्तू मात्र ९.८ या त्वरणाने खाली पडते. म्हणजे फाळका सायकलीपेक्षा अधिक जलद खाली जातो! सायकल क्षणभर मागे, म्हणजे वर राहते. तिचा भार दोरावर उरत नाही. दोर ढिला पडतो. आणि ढिला पडलेला दोर उघड्या आकड्यातून अलगद निसटतो.

आमच्या सायकलीचे रहस्य हे होते. दोर बळकट होता, गाठही पक्की होती. पण दोर आकड्यात टिकून होता तो केवळ सायकलीच्या भारामुळे, आणि तो भारच क्षणभर नाहीसा झाला.

हेलकाव्यांचा धोका

युरोप-अमेरिकेत मोटारीमागे राहण्याची खोली जोडून प्रवासाला जाण्याची पद्धत आहे. या चाकांवरच्या घराला कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. परदेशात अशा घराच्या पाठीमागे सायकली टांगण्याचा मोह अनेकांना होतो. तेथे वेग ताशी ८०-१०० किलोमीटर असल्यामुळे आणखी एक संकट उभे राहते. ते म्हणजे आडवे हेलकावे.

वाऱ्याच्या झोताने किंवा शेजारून जाणाऱ्या ट्रकमुळे कॅरॅव्हॅनचे शेपूट थोडे बाजूला ढकलले जाते. वजन आसाच्या थोडे पुढे असेल तर ती आपोआप सरळ होते. पण शेपूट जड असेल, तर जडत्वामुळे ते दुसऱ्या बाजूला जास्तच जाते, पुन्हा परत येते, आणि एका ठरावीक वेगापलीकडे प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. शेवटी मोटारही त्याबरोबर फरफटते. म्हणून अमेरिकेत कॅरॅव्हॅनच्या एकूण वजनाच्या सुमारे १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडणीवर असावा, असा सल्ला देतात.

कोणी म्हणेल, मागे सायकली टांगल्या तर पुढच्या टोकाला तेवढेच वजन ठेवू. हुकाचा भार पूर्ववत झाला की झाले! पण एवढ्याने भागत नाही. एक मीटर लांबीची काठी घ्या. तिच्या दोन्ही टोकांना सारख्या वजनाचे दोन दगड बांधा. काठी मध्यावर धरून मनगटाने डावी-उजवीकडे फिरवा, आणि फिरत असताना एकदम थांबवून पाहा. मग तेच दगड मध्याजवळ बांधून पुन्हा फिरवा. पहिल्या खेपेला काठी थांबवायला किती जड जाते, हे तुमच्या मनगटालाच कळेल. वजन मध्यापासून जितके दूर, तितके फिरण्याच्या बाबतीतले जडत्व अधिक. म्हणून जड वस्तू टोकांना नको. ती आसाजवळच हवी.

बांधावे कसे?

जागा ठरली, आता बांधणी पाहू. ताशी २७ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ७.५ मीटर वेगाने जाणारी ट्रॉली २.५ सेकंदांत थांबली, तर तिच्या वेगात दर सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद इतकी घट झाली. सायकल मात्र न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे पुढेच जाऊ पाहते. तिला थांबवायला २० × ३ = ६० न्यूटन बल हवे. हे सुमारे ६ किलोग्रॅम भाराइतके झाले. सायकलीला चाके असल्यामुळे जमिनीचे घर्षण येथे फारसे मदतीला येत नाही. म्हणून जुन्या ट्यूबच्या पट्टीने दोन्ही ब्रेक दाबून बांधावेत आणि पुढचे चाक ट्रॉलीच्या पुढच्या भिंतीला टेकवावे.

वळणावर सायकल कडेला कलते. तेव्हा तिला आडव्या दिशेने सावरणारा दोर लागतो. आडवे बल ६ किलोग्रॅम भार धरले आणि दोर उभ्या रेषेशी ४५ अंशांचा कोन करीत असेल, तर त्यात सुमारे ८.५ किलोग्रॅम भार इतका ताण येतो. पण दोर जवळजवळ उभा, समजा १० अंशांचाच कोन करून बांधला, तर तोच ताण ३५ पर्यंत जातो! तंबूचे दोर पसरून का बांधतात, हे आता तुमच्या ध्यानात येईल. सायकललाही डावीकडे आणि उजवीकडे असे दोन-दोन दोर पसरून बांधा. दोर सांगाड्याला बांधा. चाकाच्या आऱ्यांना किंवा ब्रेकच्या तारेला बांधू नका.

नायलॉनचा दोर बळकट असतो, पण ताणला जातो. म्हणून निघाल्यावर थोडे अंतर गेल्यानंतर थांबून दोर पुन्हा आवळावा. दोर उघड्या आकड्यात नुसता न अडकवता कडीतून ओवून बांधावा. सायकली एकीचे हँडल पुढे, दुसरीचे मागे अशा आलटून-पालटून लावल्या, तर हँडले एकमेकांत अडकत नाहीत. दोन सायकलींमध्ये गोणपाट घालावे. आमच्या गावात यंत्रमागांवरचे टाकाऊ सूत मिळते, त्याचे गुंडाळेही चांगले चालतात. घासून रंग जाऊ नये एवढ्यासाठीच हे नाही. घासल्याने दोरही झिजतो.

सायकलीचा कोणताही भाग ट्रॉलीबाहेर येऊ देऊ नका. मागचे दिवे आणि क्रमांकाची पाटी झाकू नका. आणि ‘सायकल धरून बसतो’ म्हणून ट्रॉलीत स्वतः तर मुळीच बसू नका. जी उसळी सायकलीला मिळते, तीच तुम्हालाही मिळेल.

त्या दिवशी आम्ही काय करायला हवे होते? पोती आसाच्या थोडी मागे सरकवून, पुढच्या भिंतीलगत सायकलींना जागा करायला हवी होती. पंधरा मिनिटांचे काम होते. त्याचा कंटाळा आम्ही केला, आणि त्याची किंमत मागून येणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाला मोजावी लागली असती.

आता तुमच्यासाठी एक गणित. वरच्याच ट्रॉलीत त्या चार सायकली पुढच्या भिंतीलगत, म्हणजे आसाच्या १.५ मीटर पुढे ठेवल्या, तर हुकावर आणि चाकांवर किती-किती जादा भार येईल? आणि प्रत्येकी ५० किलोग्रॅमची १२ पोती आसाच्या मागे किती अंतरावर ठेवली, तर हुकावरचा हा जादा भार बरोबर नाहीसा होईल? पोती तेथवर मागे सरकवणे योग्य ठरेल का? उत्तर काढा आणि ते का, हे वर्गातल्या मित्रांना समजावून सांगा.