डॉक्टरांना माशांचं सांग

अगं सुमे, बोटावरच्या त्या गाठीला आता फोड म्हणू नकोस. फोड असता तर एव्हाना पिकून फुटला असता. ही जांभळट, टणक, फारशी दुखतही नाही, आणि आता मनगटाच्या वर दुसरी उठलीय. अशा एकामागोमाग वर चढणाऱ्या गाठी दिसल्या की मी पहिलं विचारते, पोराच्या माशांच्या टाकीतलं पाणी कोण बदलतं? तूच ना? आणि भिगवणची चिलापी साफ करताना पाठीवरचा काटा कधी टोचला होता का?

आठवणार नाही तुला. हे दुखणं दोन-तीन आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी वर येतं, तोवर काटा कोण लक्षात ठेवतो! जंतूचं नाव मायकोबॅक्टेरियम मरीनम, क्षयाच्या जंतूच्याच गोतावळ्यातला. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या माशांत तो सापडला. चांगल्या धडधाकट माणसालाही याचा संसर्ग होतो, तेव्हा अंगात काही कमी आहे असं मनाला लावून घेऊ नकोस. घरच्यांना तुझ्यापासून लागतही नाही.

या जंतूला गारवा मानवतो, तीस-बत्तीस अंशांत तो जोमानं वाढतो. म्हणून तो हातापायांवरच ठाण मांडतो, सहसा आत शिरत नाही. पण इथंच घोळ होतो बघ. गाठीचा तुकडा तपासायला गेला आणि प्रयोगशाळेनं नेहमीसारखा सदतीस अंशांवर ठेवला, तर जंतू बहुधा उगवतच नाही. माशांचं सांगितलंस, तरच ते कमी तापमानावर ठेवतील.

आणि तू सांगणार नाहीस, हे मला माहीत आहे. गाव कान्होराज महाराजांचं केंदूर, सासूबाई माळकरी, मासे वर्ज्य, त्यात त्या दवाखान्यात शेजारीच बसणार. त्यांना जरा बाहेर बसवून डॉक्टरांना सगळं मोकळेपणानं सांग. लपवलंस तर साध्या अँटिबायोटिकचे कोर्स होत राहतील, नाहीतर कुणी क्षयाच्या गोळ्या सुरू करेल. त्यातल्या आयसोनियाझिड, पायराझिनामाइडला हा जंतू फारशी दाद देत नाही. मेडिकलमधून आणलेलं ते खाजेचं मलम तर आजच बंद कर, त्यात स्टेरॉइड असलं तर दुखणं आणखी बळावेल.

औषध लांबतं गं. डॉक्सीसायक्लिन, क्लॅरिथ्रोमायसिन, कधी रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल, काय ते डॉक्टर ठरवतील. तीन-चार महिने तर धरूनच चाल. गाठ गेली तरी पुढे महिना-दोन महिने गोळ्या घ्याव्या लागतात. बोट वाकवताना सांधा अडायला लागला तर मात्र एक दिवसही थांबू नकोस, ससूनच्या त्वचा विभागात जा.

टाकी पोराला आवडते तर राहू दे. पाणी बदलताना रबरी हातमोजे घाल, हाताला चीर असेल तर दाजींना लाव कामाला, आणि ते पाणी भांडी घासायच्या मोरीत ओतू नकोस. दवाखान्याचा वार ठरला की फोन कर, सासूबाईंना बाहेर कसं बसवायचं ते मी बघते.